निर्मलाताईंचा डावा हात

मागच्या आठवड्यात कल्याणला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. उजव्या अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखी कळ जाते, पाण्याची बाटली उघडताना हात सुटतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावला, मूठ खाली वाकवली, आणि मी ओरडल्यावर विचारलं, "माउस किती वेळ असतो हातात?" दिवसभर, म्हणालो. मग ते उपाय सांगायला लागले आणि मीच त्यांच्या पुढे बोलत गेलो. टेबल खाली घ्यायचं, नाहीतर खुर्ची वर घ्यायची. मनगट फिरवायचं नाही, कोपरापासून हात हलवायचा. पाणी लांब ठेवायचं, म्हणजे उठावं लागतं. सोपी कामं आधी डाव्या हाताला द्यायची.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं कुठून शिकलात?"

"मोबाईलवर पाहिलं," मी म्हणालो.

डॉक्टरांना निर्मलाताई माहीत नव्हत्या. मला तरी ते कुठे ओळखत होते? नाव घेतलं असतं तर काहीच बिघडत नव्हतं. तरी ते तोंडातून निघालं नाही. त्या दिवसापासून मला स्वतःचीच किळस आली आहे, आणि म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, दहावा, नेमणूक, निवडणूक, सगळ्याचे बॅनर आमच्याकडे होतात. आमच्या भागात बॅनर म्हणजे डोकी. वर साहेबांचं मोठं डोकं, खाली शुभेच्छा देणाऱ्यांची रांगेनं लहान डोकी. प्रत्येक डोकं कुठल्या तरी फोटोतून वेगळं काढावं लागतं. हल्ली एका बटणावर फोटोमागचं सगळं उडतं म्हणतात, पण लग्नाच्या मांडवात काढलेला, दहा मोबाईलवरून फिरून आलेला फोटो त्या बटणाला दिला की मांडवाबरोबर माणसाचा अर्धा कानही उडतो. मग माउसनं डोक्याभोवती बारीक बारीक टिंबं देत फिरावं लागतं. कानामागून, टोपीच्या कडेनं, मिशीच्या टोकावरून. हे काम निर्मलाताईंसारखं करणारं माणूस दोन तालुक्यांत नव्हतं.

ताई किन्हवलीजवळच्या एका गावातून रोज शहापूर-मुरबाड एसटीनं यायच्या. नवरा वाशिंदच्या कारखान्यात. मध्यम बांधा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कामाला बसण्याआधी बांगड्या काढून टेबलाच्या खणात ठेवायची सवय. त्यांची दुसरी सवय म्हणजे फोटोंशी बोलणं. डोकं कापताना तोंडानं चालूच असायचं. "काका, हलू नका, कान जाईल." "आई गं, ही टोपी का भांडं?" "ह्यांनी केस काळं केलं पण कल्ले विसरलं, मी तरी काय करू?" गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी थांबायच्या नाहीत. एकदा एक सरपंच स्वतःचा फोटो घेऊन आला आणि शेजारी उभा राहून त्यानं ऐकलं, "भाऊ, मान कुठं ठेवलीत? खांद्यावर डायरेक डोकं हाय." सरपंच बिचारा स्वतःची मान चाचपून बघायला लागला.

त्यांना माणसं चेहऱ्यानं नाही, कानांनी लक्षात राहायची. एसटीत एका अनोळखी म्हाताऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "बाबा, तुमचा डावा कान मला लय त्रास देतो." म्हातारा घाबरला. मग कळलं की नातवाच्या बारशाच्या बॅनरवर त्याचा कान त्यांनीच कापला होता. पुढे तो म्हातारा दुकानावरून जाताना डोकं आत घालायचा आणि कान दाखवून विचारायचा, "बरा हाय ना आता?"

एप्रिलमधल्या जयंतीचे बॅनर मात्र त्या अगदी गप्प राहून करायच्या. फक्त त्यांच्याच वाडीचे नाही, आजूबाजूच्या सगळ्या बौद्धवाड्यांचे बॅनर आमच्याकडे यायचे, ते केवळ त्यांच्यामुळे. "इथं चूक चालाची नाय शेठ," एवढंच म्हणायच्या.

हात दुखायला लागला तो असाच एका जयंतीनंतर. आधी त्या नुसत्या हात झटकायच्या. मग एक दिवस जेवणाच्या डब्याचं झाकण उघडेना, ते त्यांनी माझ्यासमोर धरलं. मी उघडून दिलं आणि वर जोक मारला. माझ्या जोकवर हसायला दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. म्हणालो, "माउसनं कुणाचा हात दुखतो होय? उंदीर केवढा नि ताई केवढ्या!"

ताई जेवता जेवता थांबल्या. "भात लावून बाईची कंबर धरती तवा म्हणता का तुमी, रोप केवढं नि बाई केवढी?"

गिऱ्हाइकं आता माझ्यावर हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. आज वाटतं, मला लागलं तेवढं तरी त्यांच्या दुखण्याचं लागायला हवं होतं.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की अंगठ्याच्या शिरांना सूज आहे, दीड-दोन महिने माउसला हात लावायचा नाही. त्यांनी माझ्याकडे सुट्टी मागितली. मी म्हटलं, देतो, एवढी लग्नसराई होऊ दे. लग्नसराई झाली. मग म्हटलं, एवढे दहावी-बारावीच्या अभिनंदनाचे होऊ देत. मग गणपती आले. "तुमच्याशिवाय जमणार नाही ताई," हे मी इतक्या प्रेमानं म्हणायचो की त्यांना पुढे बोलताच येत नसे. ते खरंही होतं, म्हणून जास्त वाईट.

सुट्टी मिळत नाही म्हटल्यावर बाईंनी काम करता करताच हात वाचवायचं ठरवलं. टेबल उंच होतं. ते कापून घेऊ या, असं त्या म्हणाल्या, मी सुताराला सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. तेव्हा त्यांनी घरून जेवायला बसायचा पाट आणला आणि खुर्चीवर ठेवून त्यावर बसायला लागल्या. पाय लोंबकळायला लागले, म्हणून खाली शाईचे दोन रिकामे डबे घेतले. मनगटाला पट्टा. पाण्याचा तांब्या टेबलावरून उचलून दाराजवळ नेला. मी म्हटलं, तहान लागली की उठावं लागेल. "म्हणूनच ठेवला," त्या म्हणाल्या. मशीनवर बॅनर निघायला लागला की त्या दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसायच्या, छापून होईपर्यंत माउसकडे बघायच्याही नाहीत. मला ते दिसायचं आणि मनात यायचं, तेवढ्यात एक डोकं झालं असतं.

"मनगटानं फिरवाचं नाय," त्या मलाच शिकवायच्या. "पंगतीत वरण वाढताना कसा, कोपरापासून हात जातो ना, तसा न्याचा. चमच्यानं ढवळल्यासारखा नाय."

आणि डावा हात. डाव्या हाताला त्यांनी लहान पोराला शाळेत घालावं तसं शिकवलं. आधी नुसतं फाईल उघडणं-बंद करणं. मग झेंडूची तोरणं. "फुलाची पाकळी कमीजास्त झाली तर फूल काय तक्रार करतं?" मग समया, मग देव. देवानंतर लहान मुलं, कारण त्यांची डोकी गोल. शेवटी मोठी माणसं, आणि त्यातही टोपीवाले अगदी शेवटी. पहिला टोपीवाला डाव्या हातानं नीट निघाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशानं भजी आणली होती. मशीनवरच्या पोऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना वाटली. तो टोपीवाला कोण होता ते आठवत नाही. भज्यांसोबतच्या मिरच्या आठवतात.

पण डाव्या हाताला वळणं जमत नव्हती. उजवा हात वर्षानुवर्षं डोक्याभोवती एकाच दिशेनं फिरलेला. त्यावर ताईंनी युक्ती काढली. कापायचा फोटो त्या संगणकावर आरशात दिसतो तसा उलटा करायच्या, म्हणजे फोटोतली उजवी बाजू डावीकडे. मग उजव्या हाताला जी वळणं पाठ होती तीच डाव्या हाताला मिळायची. कापून झालं की फोटो पुन्हा सरळ करायचा, आणि मग बॅनरवर बसवायचा. यामुळे त्यांचा वेग जवळजवळ पूर्वीइतका झाला. दुखणं उतरायला लागलं. डब्याचं झाकण त्या परत स्वतः उघडायला लागल्या. माझ्याकडून काही न घेता, माझ्याच दुकानात, माझ्या नाकासमोर त्यांनी आपला हात परत मिळवला होता.

मग साहेबांचा वाढदिवस आला.

अशा बॅनरचा एक नियम सगळ्यांना माहीत असतो. साहेब मधोमध, समोर बघतात. बाकीचे दोन्ही बाजूंना, आणि सगळ्यांची तोंडं साहेबांकडे. आमच्या भागातले अण्णा त्या वेळी जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी साहेबांच्या मागे होते. त्यांचा बॅनर सगळ्यात मोठा, नाक्यावर लागणारा. त्यांच्या फोटोची मान थोडी वळलेली होती, म्हणून त्यांना डावीकडे बसवलं की ते बरोबर साहेबांकडे बघणार होते.

ताईंनी अण्णांना कापलं. अंबाड्यातून सुटलेले केस मागे सारत, बांगड्या घालत त्या उठल्या. त्यांची गाडी लागली होती. मी फोनवर होतो. त्यांनी माझ्यासमोर येऊन, बोटानं पडद्याकडे दाखवून सांगितलं, "शेठ, अण्णा उलटं हायत. सरळ करा नि मग बसवा. इसरू नका." मी मान हलवली. बोट वर करून 'हो' अशी खूणही केली. हे मला इतकं स्पष्ट आठवतं की विसरलो असं म्हणायचीही सोय नाही.

अण्णा उलटे बसले. उलटे छापले, आणि उलटेच नाक्यावर चढले. सकाळी सगळ्या मुरबाडनं पाहिलं की साहेबांच्या उजवी-डावीकडचे सगळे साहेबांकडे बघतायत आणि एकटे अण्णा तोंड फिरवून पलीकडच्या रस्त्याकडे. त्या रस्त्यावर दुसऱ्या पक्षाचं कार्यालय आहे. घड्याळही उजव्या हातात गेलं होतं, पण ते कुणी पाहिलं नाही. चहाच्या टपरीवर एकच विषय. अण्णा फिरले.

अण्णा दुकानात आले तेव्हा ताई नुकत्याच पाटावर बसत होत्या.

"साहेबांचा फोन आला मला," अण्णा म्हणाले. आवाज बसलेला होता. "म्हनाले, अण्णा, मान आखडली का? का आमचं तोंड बघवत नाय? काय सांगू मी त्यांना? पंधरा वर्षं घासलीत मी! कोनी केला ह्यो बॅनर?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, तोंड उघडताना मला वाटलं होतं की मी 'माझ्याकडून झालं' असंच म्हणणार आहे.

"ताईंचा हात गेलाय अण्णा," मी म्हणालो. "उजवा चालत नाही. डाव्या हातानं करतात. उलटसुलट होतं कधी कधी. सांभाळून घ्या."

ताई माझ्याकडे वळल्या. "शेठ, मी काय सांगून गेले व्हते?"

"तेव्हा मी फोनवर होतो," मी म्हणालो. "काही कळलं नाही."

"हात धड नाय तं बसवता कशाला मानसं?" अण्णा माझ्यावर ओरडले, ताईंच्या देखत, त्यांचं नावही न घेता. "कामाची मानसं ठेवा ना धडधाकट!"

ताई पडद्याकडे वळल्या. त्यांनी फाईल उघडली, अण्णांना सरळ केलं, साहेबांकडे बघायला लावलं, मशीनला पाठवलं. पाच मिनिटांचं काम. बॅनर निघेपर्यंत हात मांडीवर टाकून बसल्या. अण्णा नवा बॅनर घेऊन गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "ही बाई हितं दिसता नये."

मी ताईंना म्हणालो, आणि हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, "ताई, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीच आहे ना. घ्या आता थोडे दिवस."

त्यांनी खणातून बांगड्या काढल्या. एकेक घातली. मग म्हणाल्या, "मागितली तवा नाय दिली. आता बरी आठवली." पाट पिशवीत मावला नाही, म्हणून बगलेत धरला. तो धरून त्या स्टँडकडे गेल्या.

अण्णा शांत झाले की बोलावून घेऊ असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि डोकी स्वतःच कापत राहिलो. अण्णा कसे शांत होणार? तिकीट दुसऱ्यालाच मिळालं, आणि काही महिन्यांत अण्णा खरंच पलीकडच्या पक्षात गेले. मग तो बॅनर हसण्यावारी गेला. अण्णा स्वतः माझ्या दुकानात बसून म्हणाले, "तुमच्या बॅनरला आमच्या आधी कळलं!" आणि टाळी द्यायला हात पुढे केला. मी टाळी दिली. त्या वेळी सांगता आलं असतं. आता तर कुणाला रागही आला नसता.

ताईंचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. फ्लेक्सचे रोल पोचवणारा माणूस मुरबाड-शहापूर दोन्हीकडे फिरतो. त्यानंच सांगितलं. "तुमच्या ताई शहापूरला दोन दुकानांत जाऊन आल्या. कोनी घेत नाय. सगळ्यांना म्हाईत, हात गेलाय त्यांचा." कुणाकडून माहीत झालं ते त्यानं सांगितलं नाही. ज्याला त्याला मीच सांगत होतो. ताई कुठे दिसत नाहीत म्हणून गिऱ्हाईक विचारायचं आणि मी हळहळत म्हणायचो, हात गेला हो बिचारीचा. ज्या बाईनं आपला हात एकटीनं परत आणला, तिचा हात मी दोन तालुक्यांत गेलेला म्हणून सांगितला होता.

एकदा मी मुद्दाम शहापूरला त्या दुकानांपैकी एकात खरं सांगायला गेलो. मालक ओळखीचा. त्यानं चहा मागवला. शाईचे भाव, मशीनचं हेड, पोरांचं शिक्षण, सगळं बोललो. निघताना तो म्हणाला, "काय काम काढलं होतं?" मी म्हणालो, "सहज."

त्यानंतर बऱ्याच काळानं, गेल्या हिवाळ्यात, सासऱ्यांच्या जमिनीच्या वारस नोंदीसाठी मी पुन्हा शहापूरला गेलो. तहसील कचेरीजवळ ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकाच्या काचेतून ताई दिसल्या. केस पिकले होते. माउस डाव्या हातात. रांगेतली माणसं भराभर पुढे सरकत होती.

मी आत गेलो. गल्ल्यावर बसलेल्या मालकानं मला ताईंच्या रांगेत बसवलं. "त्यांच्याकडं बसा, लवकर होईल. आमच्या ताई डावखुऱ्या हायत, पन हात बघा कसा चालतो!"

माझा नंबर आला. ताईंनी वर पाहिलं. एक क्षण थांबल्या, मग म्हणाल्या, "बसा शेठ. कागद द्या."

त्यात राग नव्हता. राग असता तर कदाचित मी गप्प बसलो असतो. त्या कागद बघत होत्या, डावा हात सहज फिरत होता. वाटलं, चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावलं, तर चारचौघांतच सांगायला हवं. आज सांगितलं नाही तर कधीच नाही.

"ताई, मला एक बोलायचंय."

"मोबाईलवर ओटीपी आला का बघा," ताई म्हणाल्या.

"नाही, आधी ऐका. अण्णांच्या बॅनरची चूक माझी होती. तुम्ही मला सांगून गेला होतात."

"शेठ, ओटीपी." आवाज खाली आला होता.

मला ते कळायला हवं होतं. मी गल्ल्याकडे वळलो आणि मालकाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मी सगळ्यांना सांगत सुटलो की ताईंचा उजवा हात माउसनं गेलाय. त्यांना कुणी काम देईना. दोष त्यांचा नव्हता, माझा होता."

मालक पैसे मोजता मोजता वर बघू लागला.

"कोनाचा हात गेलाय?" त्यानं विचारलं. मग ताईंकडे बघून, "ताई, तुमी तं जन्मापासून डावखुऱ्या ना?"

मी मालकाकडे बघत होतो, आणि माझ्या तोंडातून काय गेलं ते मला हळूहळू समजत होतं. इथं कुणालाही काही माहीत नव्हतं. सगळ्या शहापुरात हीच एक जागा होती जिथं त्या गोष्टीचा पत्ता नव्हता, आणि तो मी स्वतः चालत येऊन दिला होता.

"शेठची मस्करी," ताई म्हणाल्या. "पयल्यापासून अशीच सवय हाय त्यांना. बोला शेठ, नंबर बोला."

आणि त्यांनी माउस उचलून उजव्या बाजूला ठेवला, उजव्या हातात घेतला.

मी आकडे सांगितले. त्या उजव्या हातानं दाबत गेल्या. मालक उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता, पडद्याकडे नाही, हाताकडे बघत. ताईंनी एकदाही हात झटकला नाही. माझा अर्ज गेला, पावती निघाली, ती त्यांनी उजव्याच हातानं माझ्यासमोर सरकवली. "मेसेज येईल मोबाईलवर," म्हणाल्या. मग माझ्या मागच्या माणसाला, "या पुढं."

माफी मागायची राहिली होती. पण आणखी एक शब्द बोलायची माझी छाती झाली नाही.

रस्ता ओलांडून मी मागे वळून पाहिलं. काचेआड मालक अजून तिथंच उभा होता. ताईंच्या समोर एक म्हातारी बसली होती, तिच्या मागे चार-पाच माणसं होती, आणि माउस अजून त्यांच्या उजव्याच हातात होता.